अण्णांच्या नावावरचे प्रश्न

माझ्यावर दोन माणसांचं ऋण आहे. त्यातल्या एकाला मी कधी पाहिलेलंही नाही. मार्टिन डुजियामास हे त्याचं नाव. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढलेल्या या मुलाची शाळा शॉर्टवेव्ह रेडिओवरून भरायची. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ऑनलाइन शिक्षणाची विकतची प्रणाली सांभाळता सांभाळता तो वैतागला आणि स्वतःच एक लिहायला बसला. ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची १.० आवृत्ती आली. कुणीही घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी, असा तिचा परवाना.

दुसरे आमचे अण्णा, कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतले सहायक. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी मूडल बसवलं आणि म्हणाले, "सर, ह्याला पैसा लागत नाही, पण राबावं लागतं." राबले तेच. माझे भूगोलाचे सगळे प्रश्न श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. मूडलवर टाकले की मान्सूनच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता काला. अण्णांनी ते युनिकोडमध्ये आणले, मोडलेली जोडाक्षरं हातानं जुळवली. मग मूडलला प्रश्न वाचता यावेत म्हणून प्रत्येक प्रश्नाला महिरपी कंस, बरोबर उत्तरामागे बरोबरीचं चिन्ह, चुकीच्या पर्यायामागे ती नागमोडी खूण. एक कंस राहिला तरी मूडल अडून बसे. रात्री फोन यायचा: "सर, कोयना कोणत्या नदीला मिळते, इथं दोन उत्तरं बरोबर दिसतायत. कऱ्हाडला कृष्णेला मिळते हे मला ठाऊक आहे हो, त्याला कुठं ठाऊक!"

माझी चित्रित व्याख्यानं मुलांच्या फोनवर अर्ध्यात अडकत. नुसत्या मजकुराची चाचणी मात्र खेड्यातल्या रेंजवरही उघडे. चुकीच्या पर्यायाला टीप जोडायची सोय अण्णांनीच दाखवली. ती लिहिताना पोर हाच पर्याय का निवडतं, याचा मला विचार करावा लागला. पूर्वी मी लाल फुली मारून मोकळा होत असे. पर्जन्यछायेचा धडा मी आता शिकवतो तो त्या टिपांतूनच निघालेला आहे.

प्रश्नपेढीत प्रत्येक प्रश्नापुढे तो बनवणाऱ्याचं नाव येतं. चढवले अण्णांनी, म्हणून तिथे त्यांचंच नाव आहे. ते निवृत्त झाल्यावर नव्या सहायकानं विचारलं, "सर, हे जुनं खातं काढून टाकू का?" मी नको म्हटलं. नद्यांच्या प्रकरणात काही अडलं, की मी फोनही अजून अण्णांनाच लावतो.