घोडा चांगला आहे, पण तुझ्या दावणीचा नाही

या आठवड्यात आपल्याकडे रात्रीची लाईट आहे. हरभऱ्याला पाणी धरलंय, मोटार चालू आहे तोवर लिहून घेतो. विषय पिकाचा नाही, दावणीचा आहे. यात्रेचे दिवस आहेत आणि घोडा घ्यायचं खूळ सध्या गावोगावी आहे, म्हणून लिहितोय.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला यात्रा भरते. शहादा तालुका, तापीचा काठ. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. माझा शाळेपासूनचा दोस्त तिथं गेला आणि एका घोड्यावर २१ हजार बयाणा ठेवून आला. सौदा १ लाख ८० हजाराचा. बाकीचे पैसे द्यायला निघाला तेव्हा मला म्हणाला, "चल, एकदा नजर टाक." असं कुणी म्हटलं की त्याचा अर्थ असतो, "चांगला आहे म्हण."

घोडा चांगलाच होता. मारवाडी, नुकरा, कान टोकाला टोक भिडवणारे, पाय सरळ, डोळा स्वच्छ. पण होता अंडील. दलाल चार वर्षांचा म्हणत होता. दात बघितले तर समोरचे मधले दोन नुकतेच बदललेले, बाजूचे अजून दुधाचे. म्हणजे अडीच-तीन वर्षांचा. पाच वर्षांचा झाल्यावर तोंड पुरं होतं. त्याआधी दात खोटं बोलत नाहीत, माणूस बोलतो.

दोस्ताची बाजू अशी. तीन एकर रान, एक बैलजोडी, दोन गाई. घोडा आजवर पाळलेला नाही. पोरगं तेरा वर्षांचं, मोबाईलवर घोडे बघून बघून याड लागलेलं. वर बापाचा हिशोब असा की लग्नसराईत वरातीला लावू, खर्च निघेल.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं ते असं.

घोडा नवा आणि स्वारही नवा, ही जोडी लावू नये. एकाला तरी काम यावं लागतं. शिकाऊ पोराला दहा-बारा वर्षांची, शंभर माणसं बघितलेली, शांत घोडी लागते. ती पोराला शिकवते. हे शिंगरू अजून स्वतःच शिकतंय. त्यात अंडील. जवळपास घोडी माजावर आली की पोराच्या हातातली लगाम त्याच्या लेखी नसल्यात जमा. रिकिबीत पाय अडकून माणूस फरपटला तर पुढं काय होतं ते सांगायची गरज नाही.

वरातीचं म्हणशील तर तिथं घोड्याला पळायचं नसतं, उभं राहायचं असतं. डीजे, फटाके, डोळ्यावर लाइट, पाठीवर कधी घोड्यावर न बसलेला नवरदेव. त्याला तयार घोडा लागतो, आणि तो तयार करायला जाणता माणूस.

चाऱ्याचं म्हणशील तर घोडा म्हणजे गाय नव्हे. तो रवंथ करत नाही आणि त्याला उलटी होत नाही. बुरशी लागलेला कडबा गाय एखादवेळी पचवेल, घोड्याच्या पोटात शूळ उठतो आणि रात्रीत जनावर जातं. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडा चांगला चारा लागतो, पाणी तीस-चाळीस लिटर. काम असेल तर चंदी वेगळी, तीही थोडी थोडी, दोन-तीन वेळा. गाईच्या घमेल्यातली उरलेली पेंड त्याला चालत नाही. दर दीड-दोन महिन्यांनी खुरं तासावी लागतात. नालबंद आपल्या तालुक्यात किती उरलेत, मोजून बघ. धनुर्वाताची लस चुकवता येत नाही, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. आणि रोज फिरवावं लागतं. कांदा लागवडीच्या दिवसांत कोण फिरवणार? आठ दिवस उभा राहिलेला तरणा घोडा नवव्या दिवशी काय करतो ते बसणाऱ्याला कळतं.

ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखलाही मागितला. "देतो, देतो" झालं. हा रोग माणसालाही होतो, जनावरावर इलाज नाही. दाखल्याशिवाय घोडा गाडीत चढवायचा नाही, मग सौदा कितीही स्वस्त असो.

दोस्त ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तुला माझ्या पोराचा आनंद बघवत नाही का?" मी म्हटलं, "पोरगं धडधाकट राहिलं तर आनंद बघायला आयुष्य पडलंय. बयाणा जाऊ दे." २१ हजार म्हणजे कांद्याच्या रोपांचे पैसे होते, मला माहीत आहे. पण पुढचे १ लाख ५९ हजार आणि पोराचे हातपाय त्यापेक्षा मोठे.

त्यानं सौदा सोडला. दलालानं बयाणा परत दिला नाही, तो रिवाजच आहे. येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. अजूनही दोस्त तुटकच बोलतो.

तुमच्यापैकी कुणाला घ्यायचाच असेल तर एवढं करा. आधी मालकाला स्वार व्हायला सांगा, मग तुम्ही बसा. कडक जमिनीवर दुडकी चालवून बघा, लंगडत असेल तर मान खालीवर होते. चारी पाय उचलू देतो का बघा. एकदा सांगून जा, एकदा न सांगता सकाळी जा. दिवसभर दमवलेला घोडा संध्याकाळी कुणाचाही शांतच दिसतो. भोवरे, देवमण बघायचं तर बघा, पण त्याआधी दात, खुरं आणि स्वभाव. सोबत डॉक्टर न्या, ज्याला त्या सौद्यात दलाली नाही असा.

पोराला मी वेगळं सांगितलंय. शेजारच्या गावात एकाकडे चौदा वर्षांची कुमैत घोडी आहे, मालकाशी बोलून ठेवलंय. रोज सकाळी शाळेआधी जायचं, लीद काढायची, खरारा करायचा, पाणी दाखवायचं. बसायचं नाव महिनाभर काढायचं नाही. होळीपर्यंत टिकला तर त्याच्या बापाला घेऊन घोडी बघायला मी स्वतः जाईन. आज पाचवा दिवस. गेला होता म्हणतात.