लाटा सोडून देणारी मुलं

टायरी बेटावर झाड म्हणून दिसत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीजच्या आतल्या रांगेतलं हे बेट साधारण १९ किलोमीटर लांब. सर्वांत उंच टेकडी बेन हायनिश, तीही १४१ मीटरची. बाकी जमीन इतकी सपाट, की बोटीतून येताना आधी घरं दिसतात आणि मग त्यांच्याखालची जमीन. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला अडवणारं काहीच नाही; नाकासमोर पश्चिमेला गेलं तर थेट कॅनडाचा लॅब्राडॉर किनारा. त्या वाऱ्यात झाडं तग धरत नाहीत, आणि त्याच वाऱ्यासाठी ब्रिटनमधल्या विद्यापीठांची पोरं ऐन ऑक्टोबरात शिडं घेऊन इथे येतात. लाटांवरच्या विंडसर्फिंगच्या स्पर्धेसाठी मीही त्यांच्याबरोबर आले होते.

ग्लासगोहून ओबन, ओबनहून फेरीबोट. मल बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रात पाणी निवांत असतं. आर्डनामर्कनचं टोक मागे पडलं की बोट खरी डोलायला लागते. आमच्या क्लबमधली मुलं फोनवर हवामानाचे नकाशे उघडून समभार रेषा किती जवळ सरकल्यात ते एकमेकांना दाखवत होती. वादळाच्या बातमीने चेहरे खुलताना मी पहिल्यांदा पाहिले. मी देवगडची. आमच्याकडे वारा सुटला की होड्या वर ओढतात, आणि नारळी पौर्णिमा होईपर्यंत खवळलेल्या दर्याच्या वाटेला कोणी जात नाही. ही मुलं त्या दर्याची वाट बघत होती.

बेटावर साडेसहाशेच्या आसपास माणसं राहतात. त्यांची जुनी घरं पाहून मी थबकलेच. दगडाच्या दोन जाड भिंती, मधल्या पोकळीत वाळू भरलेली, आणि गवताचं छप्पर टेकलंय ते आतल्या भिंतीवर. कोकणात पावळ्या पुढे काढतात, भिंतीला पाऊस लागू नये म्हणून. इथे पावळीच नाही. पावसाचं पाणी भिंतीच्या पोटात जिरलं तर चालेल, पण वाऱ्याच्या हाताला छपराची कड लागता कामा नये. या घरांच्या बांधणाऱ्यांना वारा किती बारकाईने कळला होता!

स्पर्धेला ठरलेलं मैदान नव्हतं. सकाळी सगळ्यांनी जमायचं, वाऱ्याची दिशा बघायची आणि मग किनारा ठरवायचा. लाटांवर खेळायला वारा किनाऱ्याला आडवा हवा. समुद्राकडून सरळ अंगावर आला तर तो लाटांचे माथे मोडून टाकतो आणि बाहेर जाऊही देत नाही. जमिनीकडून आला तर किनाऱ्यालगत तो तुटक मिळतो, आणि शीड मोडलेल्या माणसाला खोल समुद्रात घेऊन जातो. टायरीचं भाग्य असं, की त्याच्या पुळणी सगळ्या दिशांना तोंड करून आहेत. वारा कुठूनही येवो, गाडीने थोडं गेलं की त्याला आडवी पुळण सापडते. १९८०च्या दशकापासून ‘टायरी वेव्ह क्लासिक’ ही मोठी स्पर्धा ऑक्टोबरात इथे भरत आली आहे, त्यामागे हेही एक कारण असणार.

त्या दिवशी वारा नैर्ऋत्येचा होता, म्हणून वायव्येला तोंड करून असलेली बॅलेव्हुलिनची पुळण ठरली. वारा जितका जोराचा तितकं शीड लहान. सगळ्यांनी चार चौरस मीटरच्या आसपासची शिडं काढली. वाळू पिंढऱ्यांवर टोचत होती, बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नव्हतं.

फेरी १२ मिनिटांची. पाण्यात चौघं, अंगात लाल, पिवळी, हिरवी आणि निळी बनियन. परीक्षक वाळूच्या टेकाडावर गाडीत बसलेले. बाहेर जाताना समोरून येणाऱ्या लाटेवरून उडी मारायची, परत येताना लाट पकडून तिच्या अंगावर वळणं घ्यायची. गुण धरायचे दोन उत्तम लाटांचे आणि एका उत्तम उडीचे. उडीत काही जण शीड आणि फळीसकट हवेत पूर्ण कोलांटी घेतात. पहिल्यांदा बघताना माझी तर छाती दडपली.

पण सगळ्यांत मोठं आश्चर्य मला वाटलं ते कोलांट्यांचं नाही.

दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा एकसारख्या येत नाहीत. थोड्या वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळत येतात. त्यामुळे चार-पाच मोठ्या लाटांचा घोळका येतो आणि मग काही मिनिटं समुद्र साधा. १२ मिनिटांत असे घोळके येऊन येऊन किती येणार? घोळक्यातली पहिली लाट दिसली की हात शिवशिवतात. ती घेतली तर मागच्या, बहुधा तिच्याहून मोठ्या लाटा हातच्या जातात. शिवाय बाहेर परतताना त्याच डोक्यावर फुटतात. एडिनबरामध्ये शिकणारी एक मुलगी मी टेकाडावरून पाहत होते. लाटा फुटतात त्यापलीकडे ती येरझाऱ्या घालत होती. एक लाट आली, तिने जाऊ दिली. दुसरी गेली. प्रतिस्पर्धी दोन लाटा खेळून झाले होते, घड्याळ पळत होतं, मला बघवेना. चौथी लाट उठली तेव्हा ती मुलगी बरोबर लाटेच्या खांद्यावर होती. तिथून खाली उतरली, पायथ्याशी फळी कलती करून वळली, पुन्हा कडेपर्यंत चढली आणि फुटत्या फेसावर आपटून परत खाली. एकाच लाटेवर पाच वळणं. विशीतल्या मुलीत हा धीर येतो कुठून? ताकद कमावता येते. समोर आलेलं चांगलं सोडून देणं मला त्याहून अवघड वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. एका मुलाची डोलकाठी लाटेत दुभंगली. पुढच्या फेरीत त्याची गाठ ज्याच्याशी होती त्यानेच आपली जादा काठी आणून दिली, आणि दोघांनी मिळून वाऱ्याकडे पाठ करून शीड बांधलं. कोणाला त्यात विशेष वाटलं नाही. मला वाटलं, आणि मी ते विसरणार नाही.

या खेळात पोरासोरांचा हात पहिल्यापासून आहे. कॅलिफोर्नियात होयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली शिडाच्या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण इंग्लंडमध्ये पीटर चिल्व्हर्स या १२ वर्षांच्या मुलाने १९५८ सालीच हेलिंग बेटापाशी स्वतः बनवलेली शिडाची फळी पाण्यावर चालवली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्या मुलाच्या खेळण्याला पुरावा मानून ब्रिटिश पेटंट रद्दबातल धरलं.

नवख्या मुलींच्या गटात माझी पहिली फेरी बॅलेव्हुलिनला झाली आणि मी हरले. माझ्यापेक्षा सरस मुली पुढे गेल्या. पण पद्धत दुहेरी बाद होण्याची, म्हणजे हरलेल्यांना खालच्या शिडीवरून चढायला आणखी एक संधी. रात्री पाऊस कोसळून गेला, थंड हवेची आघाडी सरकली आणि वारा वायव्येला वळला. सकाळी सगळा तांडा दक्षिणेच्या बालेफिलला निघाला. आता वारा उजव्या हाताचा होता, काल अंगवळणी पडलेलं सगळं उलट करायचं होतं. हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि दूर नैर्ऋत्येला समुद्रात उभी रेघ दिसत होती. ते स्केरीव्होरचं दीपगृह. अ‍ॅलन स्टीव्हन्सनने ते १८३८ ते १८४४ या काळात भर समुद्रातल्या खडकावर बांधून काढलं, ४८ मीटर उंचीचं. त्याचे कारागीर उन्हाळ्याउन्हाळ्यात तिथे जायचे आणि शांत समुद्राची वाट बघायचे.

हिरवा झेंडा वर गेला. पाणी गार, बोटं आखडलेली. बाहेर पोहोचले तेव्हा घोळका येतच होता. पहिली लाट सुरेख होती. हात आपोआप वळत होता, तो मी आवरला. दुसरीही जाऊ दिली. पिवळ्या बनियनमधली मुलगी वाऱ्यावरून ओरडली, “मागे बघ, मोठी आहे!” आमच्यातली एकच पुढे जाणार होती, तरी ती ओरडली. तिसरी मी घेतली. उतरताना फळीखालचं पाणी खडखडलं, वळण एकदा जमलं, दुसऱ्यांदाही जमलं, आणि मग लाट फुटून फेसात मी दिसेनाशी झाले. वर आले तेव्हा टेकाडावरून आमच्या क्लबची मुलं हात हलवत होती. ती फेरी मी जिंकले. पुढची लागलीच होती. बनियन बदलून, फळी डोक्यावर घेऊन मी पुन्हा पाण्याकडे पळाले.