यादीतलं एक मशीन



आत्तींना जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही सुना सासूबाईंना आत्तीच म्हणायचो. ट्रंकेत त्यांची अकरा सुती लुगडी होती. सावलीत नेऊन एकेक अलगद झटकलं, आत बारीक जीव असतात, आणि ठरवलं की याच्या चार वाकळा करायच्या. दोन मुलांना, दोन नातवंडांना.

हाताने शिवणं मला आता जमत नाही. दोन वीत धावदोरा घातला की अंगठा धरतो. आत्तींचं पायाचं मशीन घरात होतंच. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, मी लग्न होऊन आले तेव्हाही ते जुनंच होतं. त्याला चामड्याचा पट्टा असायचा. आत्तींनी तो काढून सुताची पिळलेली दोरी बसवली होती. दोरी सैल पडे, पण त्यांनी चामडं काही पुन्हा लावू दिलं नाही.

त्या मशीनवर पहिली वाकळ घेतली आणि अडले. पाच पदर, त्यात काठावर काठ आला की सुई थबके. दुसरी अडचण जागेची. सुईपासून मशीनच्या उजव्या खांबापर्यंत पट्टीने मोजलं, साडेसहा इंच. वाकळीची गुंडाळी तिथून जाणार कशी? कडेचे टाके होतात, मधला भाग कोराच राहतो. ब्लाऊज शिवताना हे कधी जाणवलं नव्हतं.

म्हणजे नवीन मशीन. आणि इथे माझा नियम आडवा आला. मागे चातुर्मासात माताजींकडून परिग्रह परिमाण घेतलं, तेव्हा घरातल्या वस्तूंची यादी केली होती. बी.कॉम. झालेली बाई, यादी नीट रकाने आखून केली. त्यात माझ्याच अक्षरात आहे: शिलाई मशीन, १. मुलगा म्हणाला, "आई, कागदच तो, एकाचे दोन कर." अरे, व्रत म्हणजे काय अंदाजपत्रक आहे, मार्चमध्ये सुधारून घ्यायला? नवीन आलं तर आत्तींचं जायला हवं. त्या रात्री सामायिकात मन लागलं नाही, खरं सांगते.

तरी सांगलीला जाऊन आले. तीन दुकानं पाहिली. जाताना लुगड्याचा तुकडा पाच पदरी घडी करून, काठासकट टाचून नेला होता. कुणी मशीन घेणार असाल तर एवढं कराच. दुकानदार पातळ कापडाच्या चिंधीवर शिवून दाखवतात, त्यावर सगळीच मशीनं गोड चालतात.

पहिल्या दुकानात पांढरं, हलकं मशीन दाखवलं. वीस तऱ्हेचे टाके, फुलंपानं. वाकळीला एकच टाका लागतो, सरळ. माझ्या तुकड्यावर त्याने काठापाशी तीन टाके सोडले, दुकानदाराने मग सुई बदलली, १६ नंबरची घातली, तेव्हा बरं चाललं. जागा मात्र त्यालाही सात इंचाच्या आतच. एक गोष्ट तिथे कळली. खालचे दात फक्त खालचा पदर पुढे ओढतात, वरचा मागे राहून चुणी पडते. त्यासाठी दोन्ही पदर सोबत चालवणारा वेगळा पाय मिळतो. तो नसेल तर चार-चार बोटांवर कच्चा टाका घालायचा, आपल्या आज्या घालायच्या तसाच.

तिसऱ्या दुकानात टेलर लोकांचं टेबलाचं मशीन. साडेदहा इंच जागा! टेबल मोठं, त्यामुळे वाकळीचं वजन खाली लोंबत नाही. आणि गुडघ्याने दांडी ढकलली की दाबाचा पाय उचलला जातो, दोन्ही हात कापडावरच. माझ्या अंगठ्याला तेच हवं होतं. मोटर आवाज न करणारी, वेग कमी करता येणारी घेतली, नाहीतर ही मशीनं मोटारसायकलीसारखी पळतात. किंमत पांढऱ्यापेक्षा जास्त होती. पण चार वाकळांवर खर्च वाटून, वर घसारा धरून मी हिशेब मांडला. यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "आधी ठरवलंस, मग मांडलास." खोटं नव्हतं.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता, पण १९२४ साली बोलताना त्यांनी शिलाई मशीनला त्यातून वगळलं होतं. सिंगरने ते बायकोचे कष्ट पाहून केलं, असं ते म्हणाले होते. मला हे कॉलेजात असताना कळलं, आणि आत्तींना सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आणि चामड्याचं काय?"

दुकानदार जुनं मशीन भंगाराच्या भावात घ्यायला तयार होता. ते काही झालं नाही. आमच्याकडे पूर्वी वाकळा शिवायला येणाऱ्या मावशी आहेत, कवलापूरच्या. आता त्यांना दिसत नाही, पण सून ब्लाऊज शिवायला शिकते आहे. ब्लाऊजला साडेसहा इंच भरपूर. मी पैसे घेतले नाहीत, मावशींनी पावशेर शेंगदाणे आणून ठेवले. टेम्पोत चढवताना दोरी सुटून लोंबत होती, ती मीच गुंडाळून हँडलला बांधली.

पहिली वाकळ झाली. दोन ओळी वाकड्या आल्यात, उसवणार नाही. यादीत पुन्हा एकच मशीन आहे. फक्त बटणांच्या डब्यात आत्तींची एक बॉबिन सापडली, त्यावर अजून पांढरा दोरा आहे. ती परत करायची की नाही, हे माताजींना अजून विचारलेलं नाही.