पाण्याची वाट

बी.ए. प्रथम वर्षाचा प्रवेशअर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी माझे पेन अडले. मागेपुढे पाहिले आणि 'शेती' असे लिहून मोकळा झालो. ते अगदीच खोटे होते असे नाही. आमचा अर्धा एकर धानाचा बांध आहे. पण आमची चूल पेटते ती साकोलीजवळ, महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या बाबांच्या टिनाच्या शेडवर. बाबा मोटारींचे मिस्त्री आहेत. चौथीनंतर शाळा सुटलेली. हाताला कायम काळे तेल. कॉलेजात कुणाला हे कळू नये असे मला का वाटत होते, हे आज सांगतानाही लाज वाटते.

गेल्या जुलैतली गोष्ट. पावसाची झड लागली होती. रायपूरकडे निघालेली एक पांढरी, काचेच्या छताची मोटार शेडसमोर थांबली. आत कुबट वास मारत होता. डावीकडच्या पुढच्या सीटखालचा गालिचा पिळून काढावा इतका ओला.

"मिस्त्री, छताला सगळीकडून गम लावून घेतला, तरी पाणी येतंच आहे," मालक वैतागून म्हणाले.

बाबांनी ओल्या गालिचाला बोट लावले, वास घेतला, बोट अंगठ्यावर चोळले. चिकट नाही, गोडसर वास नाही. म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी गळत नव्हते. मग विचारले, "पानी आला तवाच भिजते, का एसी लावला तवाबी?"

"दोन्ही वेळा."

"मंग दोन्ही नळ्या पाहा लागन."

एसीच्या आत एक थंड जाळी असते. थंड पाण्याच्या लोट्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तसे हवेतले पाणी त्या जाळीवर जमते आणि बोटाएवढ्या रबरी नळीतून गाडीखाली पडते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात हे पाणी थोडेच असते, म्हणून नळी बुजली तरी कळत नाही. जुलैची दमट हवा आली की मात्र पाणी वाट शोधते आणि गाडीतच उतरते. बाबा गाडीखाली सरकले. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून खाली आलेले नळीचे तोंड त्यांनी चिमटीत दाबले, चिखलाची गुठळी ओढली. लोटाभर पाणी भळभळ बाहेर आले. एक काम झाले.

आता छत. "अजून थोडा गम लावू," मी शहाणपणा केला.

"पानी आत येनारच गा," बाबा म्हणाले. "त्याले भायेर जाची वाट कोठी आहे, थे पाय."

मला तेव्हा कळले की असले छत पाणी पूर्ण अडवण्यासाठी केलेलेच नसते. काचेभोवती एक पन्हळ असते, तिच्या चार कोपऱ्यांत चार छिद्रे. तिथून बारीक नळ्या गाडीच्या खांबांमधून खाली उतरतात. पुढच्या दोन बहुधा दाराच्या बिजागरीपाशी उघडतात, मागच्या दोन मागच्या चाकांकडे. बाबांनी उजव्या कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ओतले. क्षणभराने ते बिजागरीजवळून ठिबकू लागले. डाव्या कोपऱ्यात ओतले, ते तसेच साचून राहिले. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असे. पाला आणि धूळ छिद्रात घट्ट बसली होती.

बाबा मऊ नायलॉनची दोरी आणायला आत गेले. "हवा मारू नोको," एवढे बजावून गेले. पण माझ्या अंगात घाई. ट्रकच्या चाकात हवा भरायची नळी छिद्राला लावली आणि कळ दाबली. आत 'फट्' असा आवाज झाला. साचलेले पाणी क्षणात नाहीसे झाले! मी खूश. आणि मग ते पाणी बिजागरीतून न येता छताच्या आतल्या कापडातून टपकू लागले. आत नळी तिच्या जोडावरून निसटली होती.

बाबा आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, टपकत्या कापडाकडे पाहिले. मग मालकांना म्हणाले, "साहेब, माह्या हातून नळी निसटली. आज गाडी राहू द्या. याचे पैसे नाही घेत."

माझ्या हातून, असे ते म्हणाले नाहीत.

रात्री अकरापर्यंत ते काम चालले. खांबात फुगणारी पिशवी असते म्हणून आधी बॅटरीची तार सोडवली. मग खांबाचे आवरण, मग छताच्या कापडाचा एक कोपरा. मी बॅटरी धरून उभा होतो, म्हणजे उजेडाची बॅटरी. तेव्हाच त्यांनी सांगितले. आमच्या गावात मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव राहिले. त्याचे तुडूम पाल्याने बुजले की लहानपणी बाबांना बुडी मारून बांबूने ते मोकळे करायला पाठवत. "वरून जोर करशीन त खालचा फुटते. हरू हरू हालवा लागते. सलांग बुजली का पार फुटलीच समज."

दुसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांत पाणी ओतले. बाबा प्रत्येक नळीच्या तोंडाखाली तळहात धरून बसत आणि थेंब पडला की मान हलवत. निघताना मालकांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हा तुमचा मदतनीस का?"

"पोरगा होय माहा," बाबा ताठ होऊन म्हणाले. "कॉलेजात शिकते. बी.ए.ले!"

गाडी गेली. मी पाने उचलायला खाली वाकलो, कारण मला बाबांकडे पाहवेना. ते माझे काम कुणालाही असे मोठ्याने सांगत होते आणि मी त्यांचे काम एका रकान्यात लपवून बसलो होतो.

आठवड्याने द्वितीय वर्षाचा अर्ज भरला. त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले : मोटार मिस्त्री. खिडकीपलीकडच्या लिपिकाने वरही पाहिले नाही, शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचा."