न तापलेला मे

२९ मे २०२५, निफाड तालुका

रात्री पुन्हा गोधडी काढली. मे महिन्यात! शहरातून फोन येतात, "काय मस्त हवा आहे ना?" आहे खरी. पोरं भर दुपारी अंगणात हुंदडतात, गुरं सावली शोधत नाहीत. पण पारावर कुणाच्याच तोंडावर हसू नाही.

गावाला वैशाखातलं ऊन हवं असतं. नांगरलेली ढेकळं तापली की हुमणीचे कोष, अळ्या मरतात, हरळीच्या काश्या वाळतात. यंदा वळीव थांबलाच नाही. नांगरटीत तण हिरवंगार. उन्हाळी कांद्याकडे तर बघवत नाही. शेतात पोळ घालून ठेवलेला भिजला, चाळीतल्याला वास सुटला. आत्या सडका निवडत बसते, बोलत नाही. कुरडया पंख्याखाली वाळवाव्या लागल्या. ते दुःख लहान, पण तिला तेही आहे.

मोसमी पाऊस २४ मेला केरळात, २६ला मुंबईत पोचला; एरवी मुंबईत तो ११ जूनच्या सुमारास येतो. रोहिणीतच ओल बघून काहींनी सोयाबीनचं बियाणं आणलंय. मला भीती वाटते. जूनमध्ये खंड पडला तर कोवळं रोप जळेल, घाई करू नका, असं भेटेल त्याला सांगतोय. दुबार पेरणीला बियाणं उधारीवर कोण देणार?

उद्या उरलेली चाळ उपसायची. टिकलेला कांदा लासलगावला न्यायचा, मिळेल त्या भावात.