धारेची धूळ

इंग्रजीतलं ‘ग्राइंड’ हे क्रियापद आपल्या ओट्यावर मिक्सरचं आडनाव लावून राहतं, म्हणून ते फारसं परकं वाटत नाही. गहू दळायचा तरी ग्राइंड, कॉफीच्या बिया भरडायच्या तरी ग्राइंड. काच घासून भिंग करायचं, सुरीला धार लावायची, झोपेत कराकरा दात खायचे, पोटापाण्यासाठी रोजची मरमर करायची, सगळीकडे हा एकच शब्द. मराठी कानाला हा कंजूषपणा वाटतो. आपलं दळणं वेगळं, भरडणं वेगळं, वाटणं, कुटणं, कांडणं, उगाळणं सगळं वेगळं. ‘चटणी दळली’ म्हणून बघा, स्वयंपाकघरातून हसू ऐकू येईल. अर्थात एखाद्या शब्दाला राबवून घेण्यात आपणही मागे नाही. आपल्याकडे हत्यार पाजळतात, तिन्हीसांजेला दिवा पाजळतात आणि काही मंडळी बारा महिने अक्कल पाजळत असतात.

‘ग्राइंड’च्या या सगळ्या अर्थांत एक गोष्ट कायम हजर असते, आणि तिच्याविषयी तो शब्द अवाक्षर काढत नाही. ती म्हणजे भुगा. पीठ हा आपल्याला हवा असलेला भुगा, त्याला आपण डब्यात भरून ठेवतो. सुरीला धार लावताना निघतो तो नको असलेला. त्याचं पुढे काय होतं, हे विचारायची आपल्याला सवय नाही.

आमच्या गल्लीत अजून सायकलवरचा धारवाला येतो. सायकल स्टँडवर चढवून तो सीटवर बसतो, जागच्या जागी पेडल मारतो आणि पुढ्यातलं गोल चाक पट्ट्यावर गरगरायला लागतं. सुरी टेकवली की ठिणग्या उडतात. पोरं त्या ठिणग्या बघायला जमतात. मीही अजून खिडकीशी जाते. ती ठिणगी म्हणजे पोलादाचा कण असतो. घासून सुटता सुटता इतका तापतो, की हवेत पेट घेतो. एक बाजू पुरेशी घासली गेली की पलीकडच्या बाजूला एक बारीक, खरखरीत कड उलटून येते. ती बोटाला लागली की धारवाला सुरी फिरवून दुसरी बाजू धरतो. शेवटी ती कडही मोडून काढतो आणि मग सुरी कागदावर फिरवून दाखवतो. आपण म्हणतो, त्याने धार लावली. त्याने लावलं काहीच नाही. होतं त्यातलं थोडं काढून टाकलं. माझ्या आजीच्या विळीचं पातं आयुष्यभर असं धारेला जाऊन शेवटी चतकोर उरलं होतं. बाकीचं पातं कुठे गेलं, हे आम्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

हा हिशेब मांडलेला बघायचा असेल तर इंग्लंडमधल्या शेफील्डला जावं लागतं. शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचं गाव. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका माणसाच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचून ठेवला आहे आणि तो माणूस, गंमत म्हणजे, गिरणीवाला आहे. ‘ग्राइंड’चे दोन अर्थ एकाच देहात. गावाभोवती डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली, रिव्हेलिन अशा पाच नद्या. त्यांच्या पाण्यावर चाकं फिरत आणि चाकांवर वालुकाश्माचे मोठमोठे दगड. धार लावणारा लाकडी खोगिरावर मांड टाकून दगडावर ओणवा होऊन बसे. कधी दगड फिरता फिरता फुटे, आणि बसलेला माणूस त्यातून वाचेलच असं नसे. फ्रान्समध्ये तिएर या गावी तर हे कारागीर नदीकाठच्या कारखान्यांत फळीवर पालथे पडून काम करत, नाक जवळजवळ दगडाला लागलेलं. थंडीत पाय गारठू नयेत म्हणून पायांवर कुत्रा बसवून घेत. दगडाच्या चिखलाने अंगाखालचे कपडे पिवळे होत, म्हणून लोक त्यांना ‘पिवळपोटे’ म्हणत. नाक दगडाला लावून राबण्याचा इंग्रजीत जो वाक्प्रचार आहे, त्यात मला आता अतिशयोक्ती दिसत नाही. कुत्रा मात्र त्यात राहून गेला.

शेफील्डमध्ये या कामाचे दोन प्रकार होते. चाकूची पाती ओल्या दगडावर घासत. त्यात धूळ चिखलात बसे. काटे आणि सुया कोरड्या दगडावर. तिथे धूळ बसत नसे, उडे, आणि वाकलेल्या माणसाच्या छातीत जाई. डॉ. आर्नल्ड नाइट या तिथल्या डॉक्टरांनी 1830 मध्ये या माणसांच्या दम्यावर लिहिलं. पुढे 1845 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, फ्रेडरिक एंगल्सने इंग्लंडमधल्या कामगारांच्या स्थितीवरच्या आपल्या पुस्तकात नाइट यांचा आधार घेतला. कोरडं काम करणाऱ्याचं आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षं, ओलं काम करणाऱ्याचं पंचेचाळिसाच्या पुढे क्वचितच. त्याच पानांत एक विलक्षण नोंद आहे. या कारागिरांत जास्तीत जास्त जगत ते पक्के दारुडे, कारण ते कामावर सर्वांत जास्त दांड्या मारत. कामाच्या निष्ठेवर एवढा कडवट शेरा दुसरा कुठे माझ्या वाचनात नाही.

उपाय कुणी सुचवलेच नाहीत असं नाही. शेफील्डच्याच एका अब्राहम नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लोहचुंबकाचं साधन तयार केलं. उडणारा पोलादाचा कण तोंडाशी पोचण्याआधी चुंबकाने ओढून घ्यायचा. कल्पना सुबक होती. पण खरा मारेकरी पोलाद नव्हतंच. तो वालुकाश्मातला सिलिका होता, आणि चुंबक दगडाला ओढत नाही. कारागिरांनी ते साधन नाकारलं, मात्र या कारणासाठी नाही. धूळ अडवणाऱ्या साधनांविषयी एंगल्स सांगतो तो त्यांचा हिशेब असा: काम निर्धोक झालं की माणसांची रीघ लागेल, आणि रीघ लागली की मजुरी घसरेल. त्यापेक्षा आहे ते थोडं आयुष्य मजेत घालवू. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. त्यांना अडाणी म्हणावं तर त्यांचं बाजाराचं गणित चोख होतं. छातीतली धूळ हीच त्यांच्या मजुरीची राखणदार होती.

धुळीचा जोर कमी व्हायला पंखे लागले, कायदे लागले आणि दगड बदलावा लागला. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनने 1891 मध्ये माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन कार्बाइडचे कडक, चकाकते स्फटिक मिळवले आणि त्यांना ‘कार्बोरंडम’ असं नाव दिलं. अशा कृत्रिम दगडांनी हळूहळू वालुकाश्माची जागा घेतली. आमच्या गल्लीतल्या सायकलीवरचं चाकही याच कृत्रिम घराण्यातलं. तरी पोरांनी फार वाकून बघू नये.

भिंगं घासणाऱ्यांतलं सर्वांत मोठं नाव तत्त्वज्ञ स्पिनोझाचं. दिवसा काच घासायची आणि रात्री देव आणि सृष्टी एकच कशी, याचा भूमितीसारखा पुरावा रचायचा. 1677 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी तो छातीच्या विकाराने गेला. काचेच्या धुळीने दुखणं वाढवलं असावं, असं त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळजण म्हणतात. त्याच्या विचारांची धार सगळे वाखाणतात. धूळ तळटीपेत असते.

‘ग्राइंड’ या शब्दाची आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त आवडते. ‘धार लावायची कुऱ्हाड असणं’ म्हणजे पोटात स्वार्थ लपवून गोड बोलणं, असा इंग्रजीत वाक्प्रचार आहे. त्यामागची कथा लोक बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर खपवतात. लिहिली ती चार्ल्स मायनर या पेनसिल्व्हेनियातल्या पत्रकाराने, 1810 मध्ये. खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक माणूस शाळेला निघालेल्या मुलाला गाठतो. काय गुणी बाळ, काय हुशार, तुझ्या वडिलांकडे धारेचा दगड आहे का रे? मुलगा हुरळतो, गरम पाणी आणतो, दगड फिरवायला लागतो. कुऱ्हाड नवी, काही केल्या धार येत नाही. मुलाच्या हातांना फोड येतात. शाळेची घंटा होते आणि धार लागते ती त्याच सुमाराला. मग तो माणूस म्हणतो, शाळा बुडवतोस काय रे लुच्च्या, पळ! या कथेत दगड फिरवणाऱ्याला कुणी बळजबरी केलेली नाही. त्याचं नुसतं कौतुक केलं.

पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाच्याला फोन केला की तो म्हणतो, “मावशी, ग्राइंड चालूय.” सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पहाटेपासून खुर्ची धरून बसलेली असंख्य मुलं आता हाच शब्द वापरतात. मोबाइलवर खेळणारीही वापरतात. तिथे ग्राइंड म्हणजे पुढची पातळी मिळावी म्हणून तेच ते राक्षस तासन्‌तास मारत राहणं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या बोलीत हा शब्द रडगाण्याचा होता: घोकंपट्टी, रगडपट्टी. आज तो छाती पुढे काढून उच्चारतात, फोटोखाली लिहितात. मी एकदा भाच्याला विचारलं, “अरे, यात तू कोण? सुरी की दगड?” तो हसून म्हणाला, “सुरी अर्थात.” पोराला दुखवायचं नव्हतं, म्हणून तिसरा पर्याय मी बोलून दाखवला नाही. जागा मोजक्या आणि अर्ज लाखांनी, तिथे भुगा कशाचा होतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आपल्याकडे दगड आणि स्त्री यांचं नातं जात्यापाशी जुळलं. त्या दळणाच्या ओव्या गी पॉइटविन, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या पुढे जाते. पण जातंही दळून दळून गुळगुळीत होतं आणि मग दाणा नुसता घरंगळतो. तेव्हा टाकीवाली बोलवायची. ती छिन्नी-हातोडीने दगडाला पुन्हा बारीक टवके पाडून देई. म्हणजे दळणाऱ्या दगडालाही धार लागतेच. तिच्या पदरावर बसणारी ती करडी भुकटी मी लहानपणी पाहिली आहे. तिच्या ओव्या कुणी गोळा केल्यात का, ठाऊक नाही.

दगडाची अशीच भुकटी आमच्या शाळेतही होती. पाटीवरची पेन्सिल बोथट झाली की आम्ही ती वर्गाच्या दगडी पायरीवर घासून टोक काढायचो. पायरीवर त्या घासण्याचे पांढुरके खड्डे पडलेले असत. ही पेन्सिल बनवण्याचं देशातलं मोठं केंद्र म्हणजे मध्य प्रदेशातलं मंदसौर. तिथे दगडाच्या पाट्या विजेच्या गोल करवतीने चिरून कांड्या पाडत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस निघाला, म्हणजे शेफील्डचाच आजार. त्यांतले कित्येक ऐन तिशीच्या आतबाहेरचे. 1982 मध्ये मध्य प्रदेशाने या कामगारांसाठी कल्याण निधीचा वेगळा कायदा केला. एखाद्या राज्याला पाटीवरच्या पेन्सिलीसाठी कायदा करावा लागतो, यावरून त्या धुळीचा अंदाज यावा.

आम्हा मुलांना पेन्सिल खायची भारी आवड. पावसाळी मातीसारखी चव असायची तिला. बाई पकडायच्या, तोंड उघडायला लावायच्या आणि दटावायच्या, “थुंक आधी! दगड आहे तो, पोटात जाईल.”