पार्से येथील दगडाचा साप

पेडणे तालुक्यातील पार्से येथे एका कुटुंबासमवेत फिरावयास जाण्याचा योग नुकताच आला. जीवाश्म शोधण्याचा मुलांना भारी नाद. रस्त्यासाठी तासलेल्या दरडीपाशी धाकट्याने नळीसारखा वेडावाकडा दगड उचलला. “फादर, हा दगड झालेला साप ना?” वडील कौतुकाने ‘होय’ म्हणणार, तोच मी त्यांना खुणेने थांबविले.

तो जांभा होता. ऊनपावसाने मूळ खडक युगानुयुगे कुजतो. विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, लोह मागे राहून घट्ट होते व पाण्याच्या वाटांच्या अशा नळ्या उरतात. जीवाची खूण त्यात क्वचितच टिकते. हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला.

मग मी त्याला माल्टा बेटाची हकीकत सांगितली. तेथील खडकांत सापडणारे त्रिकोणी दगड म्हणजे संत पौलाने शापिलेल्या सापांच्या जिभा, असा भाविकांचा समज होता. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे नील्स स्टेन्सेन यांनी आपल्या मोरीच्याच जातीच्या एका प्रचंड शार्क माशाचे डोके फाडून पाहिले, आणि तसले दगड जिभा नसून शार्कचे दात होत, हे सप्रमाण मांडले. हे संशोधक १६६७ साली कॅथोलिक झाले, १६७७ साली बिशप झाले. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

मुलाने दगड खिशात टाकला. “साप नसला तरी ठेवतो,” तो म्हणाला.

मातापित्यांनो, मुलांस खरे सांगावयास भिऊ नका. निर्माणकर्त्याच्या कृतीला आपल्या थापांचा आधार लागत नाही.